तेराव्या स्तोत्राचे पान

नागपूर

प्रिय बेटा,
प्रभूच्या नावात सप्रेम सलाम.

रविवारी फोनवर तू म्हणालास, "आई, प्रार्थनेला बसतो पण शब्दच फुटत नाहीत." मी तेव्हा काही बोलले नाही. पप्पा गेल्यावर कित्येक महिने माझेही तेच झाले होते, तुला सांगितले नव्हते एवढेच.

त्याआधी दोन वर्षे मी एकच मागणे मागितले, पप्पा बरे व्हावेत. मिळाले नाही. मंडळीतल्या एका बाईने तर दफनविधीच्या दिवशीच कानाशी येऊन म्हटले, विश्वास कुठेतरी कमी पडला असेल. ते मनातून काढून टाक, बेटा. प्रेषित पौलाने आपल्या शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनंती केली. काटा निघाला नाही. कृपा पुरेशी आहे, एवढेच उत्तर आले. मग पौलाचा विश्वास काय कमी होता?

काटोलचे काका भेटायला आले तेव्हा संत्र्याचे सांगत होते. मृग बहारासाठी मे महिन्यात झाडाचे पाणी तोडतात, पाने मलूल होतात, मग पावसावर फूल धरते. देवही तसाच ताण देतो म्हणाले. मायेने बोलले, पण मला ते पटले नाही. ताण लांबला तर झाड वाळतेही, हे त्यांनाच ठाऊक आहे. आपल्याला फूल यावे म्हणून देवाने पप्पांना आजार दिला, असे मी कधीच म्हणणार नाही. त्या दिवसांत तो आपल्याजवळ होता, एवढे मात्र म्हणेन.

शेवटच्या वेळी पप्पा सदरच्या चर्चमध्ये आले तो रविवार आठवतो? आवाज गेलेला होता. गायनाच्या पुस्तकात ओळीवरून बोट फिरवत होते, अगदी चालीवर. आपण ध्रुपद परत घेतले की बोटही मागे यायचे. मी गाणे सोडून त्या बोटाकडेच पाहत बसले.

आता खरी गोष्ट. परवा कपाट आवरताना त्यांचे बायबल उघडले. स्तोत्र १३. तिथे दावीद चार वेळा विचारतो, किती वेळ, परमेश्वरा? समासात पेन्सिलीने बारीक तारखा लिहिलेल्या. डायलिसिसची फाईल काढून ताडून पाहिल्या, सगळे डायलिसिसचेच दिवस. आपल्यापुढे त्या माणसाने कधी हूं की चूं केले नाही. मला वाटायचे, निमूटपणे सोसतात. नाही रे, ते देवाशी भांडत होते! रोज नव्याने, त्याच्याच दाराशी जाऊन. सहा वचनांचे स्तोत्र ते. शेवटच्या दोन वचनांखाली, जिथे दावीद पुन्हा भरवसा धरतो, एकच फिकट रेघ आहे. तिथे तारीख नाही.

तुला शब्द फुटत नसतील तर हेच चार प्रश्न घे. तेही प्रार्थनेतच मोजले जातात.

बायबल कुरिअरने पाठवते आहे. ते पान सुटायला आले आहे, हळू उघड. पेन्सिल आतच ठेवली आहे.

तुझी,
आई