वहीतल्या शेवटच्या रकान्याबद्दल

ती. स्व. काकूंना,
शि. सा. न. वि. वि.

गुहागर, वेळणेश्वर, हेदवी या पट्ट्यात राहत्या घरातल्या एक-दोन खोल्या पाहुण्यांना देणाऱ्या आम्ही बायका. सगळ्या नवरा गेल्यावर घर चालवणाऱ्या. प्रत्येकीची कहाणी तुम्हाला पाठ आहे, ती इथे नको. तुम्ही काय शिकवलंत ते मात्र चारचौघांत सांगायचंय, कारण कुणीतरी आत्ता त्याच जागी बसलेली असेल.

माणूस गेलं की चौदाव्या दिवसापासून जो येतो तो सांगतो, "मन रमव कशात तरी." तुम्ही विचारलंत, "विजेचं मीटर कुणाच्या नावावर आहे?"

मृत्यूच्या दाखल्याच्या दहा प्रती एकदमच काढायला लावल्यात. बँक, मीटर, घरपट्टी, सातबारा, जाल तिथे एक जातेच. घर नवऱ्याच्या नावावर असेल तर बायको, मुलगे, लेकी आणि सासू हयात असेल तर तीही वारस, दीर नाही. पण घर अजून सासऱ्यांच्याच नावावर राहिलं असेल तर दीर-नणंदा आल्याच, तिथे आधी सगळ्यांची लेखी संमती. नावबदलाच्या नोंदीवर, म्हणजे फेरफारावर, हरकत घ्यायला पंधरा दिवसांची मुदत असते, तेवढं थांबायचं. गाद्या आणि गिझर त्यानंतर. उलटं केलं की ऐन हंगामात भाऊबंदकी उभी राहते, आणि ती पाहुण्यांदेखत. राज्याच्या २०२३ च्या 'आई' धोरणात बायकांच्या पर्यटन व्यवसायाला पंधरा लाखांपर्यंतच्या कर्जाचं व्याज सरकार भरतं, हेही तुमच्याकडूनच कळलं. सोबत ताकीद: ते व्याज नंतर परत मिळतं, हप्ता आधी आपल्या खिशातून जातो.

मग ती निळी वही. तारीख, माणसं, तांदूळ, नारळ, मासळी, गॅस, आणि शेवटचा रकाना 'माझी मजुरी'. नव्याने येणारी प्रत्येक जण तोच रिकामा सोडते. घरचंच तर रांधायचं, त्याची कसली मजुरी! तुम्ही वही परत करायचात, एक शब्द न बोलता, त्या रकान्यावर बोट ठेवून. तो रिकामा ठेवला की थाळी स्वस्त पडल्यासारखी वाटते, दर खाली राहतो, आणि मे महिन्यात कंबर धरते ती फुकटच.

बाकीचे आकडे तर आता तोंडपाठ आहेत. माणशी ऐंशी ग्रॅम तांदूळ, ड्रायव्हर असेल तर त्याचे दीडपट, आणि ड्रायव्हरचं जेवण धरूनच दर सांगायचा. दर गादीला चादरींचे तीन जोड: एक अंगावर, एक दोरीवर, एक कपाटात. दोन जोडांवर भागतं ते पहिली सर येईपर्यंतच. दोन खोल्यांत सहा माणसं म्हणजे दिवसाला सहा-सातशे लिटर पाणी, शिवाय स्वयंपाकघर. वीज गेली की पंप बंद, म्हणून टाकी रात्रीच भरायची. पावसाळ्यात खोली आठ दिवस बंद राहिली की कापसाची गादी भिंतीकडच्या अंगाने काळी पडते. पाहुणे असोत-नसोत, गाद्या उभ्या करून खिडकी उघडायचीच.

मासळीचा शब्द फोनवर द्यायचा नाही. जून-जुलैत यांत्रिक बोटींना बंदी असते, तेव्हा सोडे, सुकट, बोंबील हेच सांगायचं. एक किलो सुरमईत डोकं-शेपूट जाता जेमतेम सात-आठ तुकड्या बसतात. आठ पाहुण्यांना एक किलो आणून कुणाला तरी शेपटीकडची वाढायची, हा आपल्याकडचा नेहमीचा घोळ. गुहागरच्या व्याडेश्वराला अभिषेकाला येणाऱ्यांचं निराळंच: कांदा-लसूण नको आणि पूजा होईपर्यंत पोटात काही नाही. ती मंडळी अकराला परततात तेव्हा बिडाचा तवा तापलेला हवा.

घावन चिकटतं त्याला तांदळाला दोष देऊ नका, असं तुम्ही म्हणायचात. वाटीभर पिठाला दोन वाट्या पाणी, आणि प्रत्येक घावनाआधी पीठ तळापासून ढवळायचं, नाहीतर पहिली चार जाळीदार होतात आणि पुढची जाड. तवा साबणाने घासला की त्याचं तेल जातं आणि मग ओढाताण. नारळाच्या शेंडीने तेल फिरवायचं, पीठ कडेकडून सोडत मध्यावर यायचं. सोलकढीला एका नारळाचं दूध, दहा-बारा आमसुलं अर्धा तास कोमट पाण्यात. कोकमाचं आगळ वापरलं तर चाखल्याशिवाय मीठ नाही, त्यात ते असतंच. आणि कढी तापवायची नाही. फुटते.

एकट्या बाईचं घर म्हटल्यावर "मिस्टर असतात ना घरी?" हा प्रश्न फोनवर येतोच. उत्तर तुम्ही ठरवून दिलंत: "शेजारी घरची माणसं आहेत, खोल्यांचं माझ्याशी बोला." पुढचा प्रश्न बाटलीचा असला तर त्या तारखा भरलेल्या. ओळखपत्र दारातच बघायचं. परदेशी पाहुणा असेल तर चोवीस तासांच्या आत त्याची माहिती सरकारला ऑनलाइन कळवायची, एकच रात्र राहिला तरी.

उंबऱ्याची गोष्ट आम्ही कुठेच लिहिलेली नाही, वहीतही नाही. पाहुण्या सवाष्णी निघाल्या की हळदकुंकू द्यायला शेजारणीला हाक मारायची, हा आमच्याकडचा रिवाज. हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला तो मे २०२२ चा, त्याच महिन्यात सरकारचं परिपत्रकही निघालं. पण परिपत्रक काही उंबऱ्यापर्यंत येत नाही. तुम्ही कुंकवाचा करंडा उचलून आमच्याच हातात दिलात. "रांधलंस तू, चादरी बदलल्यास तू, मग निरोप तिने का द्यायचा?" पाहुण्यांपैकी कुणी मागे सरकलं, असं फार थोड्या वेळा झालं. घरच्यांचं मात्र विचारू नका.

हार घातलेला फोटो ओटीवरून माजघरात न्यावा, म्हणजे पाहुणे आल्या आल्या सांत्वनाला बसत नाहीत, हेही तुमचंच. ते मात्र काहींनी ऐकलं नाही, आणि ऐकणारही नाहीत. वर्षश्राद्धाची तिथी नवी दिनदर्शिका आल्या आल्या लाल करून ठेवायची, कारण ती दरवर्षी सरकते आणि बुकिंग तारखेने होतं, हे मात्र सगळ्या पाळतो. गणपतीत खोल्या बंद.

आगळाच्या दोन बाटल्या एसटीने पाठवतोय. यंदा मीठ जरा चढं पडलंय, वरून घालू नका. आणि हो, शेवटचा रकाना भरलेला आहे. वही बघायला या.

आपल्या,
चाव्या सांभाळणाऱ्या आम्ही सगळ्या