गिफ्ट कार्डाची शिल्लक बघताना सावध!

मा. संपादक,

हल्ली लग्नात पाकिटाऐवजी गिफ्ट कार्ड देतात. आमच्या शेजारच्या सूनबाईंनी अशाच कार्डाची शिल्लक बघायला गूगलवर शोधलं आणि सगळ्यात वर दिसलेल्या जाहिरातीतल्या पानावर क्रमांक भरला, पट्टी खरवडून पिनही टाकला. ‘तांत्रिक अडचण, नंतर प्रयत्न करा’ एवढंच उत्तर आलं. दुसऱ्या दिवशी कॉलेज रोडच्या दुकानात कार्ड रिकामं निघालं. क्रमांक आणि पिन म्हणजे रोकडच, ज्याच्या हाती पडली त्याची!

शिल्लक बघायची तर कार्डामागे छापलेला वेबसाइटचा पत्ता स्वतः टाइप करावा, नाहीतर सरळ काउंटरवर विचारावं. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली लिंक तर उघडूच नये. फसवणूक झालीच, तर तत्काळ १९३० या हेल्पलाइनला फोन करावा आणि पावती जपून ठेवावी.

बँकांची गिफ्ट कार्डं रिझर्व्ह बँकेच्या नियमाने १०,००० रुपयांपर्यंतची असतात. एवढ्या रकमेच्या कार्डावर तो पत्ता मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत का? दुकानदारांनी आणि बँकांनी तो ठळक छापावा, सोबत मराठीत सूचना द्यावी, ही माझी कळकळीची विनंती.

— एक निवृत्त शिक्षिका, इंदिरानगर, नाशिक