शाळेसाठी टीव्ही घेताना मिराकास्ट तपासा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मराठवाड्यातील अनेक जिल्हा परिषद शाळांत लोकवर्गणीतून किंवा शासकीय निधीतून स्मार्ट टीव्ही आले आहेत. खरेदीच्या वेळी मात्र इंच आणि किंमत एवढेच पाहिले जाते. लॅपटॉपवरचा पाठ त्या टीव्हीवर वायरशिवाय आणि इंटरनेटशिवाय दाखवता येईल का, हे बहुधा कोणी विचारत नाही. ही सोय ‘मिराकास्ट’ या तंत्रज्ञानाने मिळते.

खोक्यावर ‘कास्ट’ छापलेले असले म्हणजे काम भागले असे नाही. ‘कास्ट’ म्हणजे बहुधा गूगलची स्क्रीन किंवा व्हिडिओ टीव्हीवर पाठवण्याची सोय; या गूगल कास्टसाठी लॅपटॉप आणि टीव्ही एकाच वाय-फायवर असावे लागतात आणि यूट्यूबवरून कास्ट केलेला व्हिडिओ तर टीव्ही स्वतःच इंटरनेटवरून घेतो; रेंजच नसलेल्या वाडी-तांड्यावरच्या शाळेला त्याचा काय उपयोग? याउलट वाय-फाय अलायन्स या उद्योगसंघटनेने 2012 मध्ये आणलेल्या मिराकास्टमध्ये दोन्ही उपकरणे वाय-फाय डायरेक्टने थेट जोडली जातात, त्यामुळे राउटरही लागत नाही आणि डेटाही खर्च होत नाही. लॅपटॉपमध्ये ही सोय असेल तर विंडोज 10 किंवा 11 वर विंडोजची कळ आणि ‘के’ एकत्र दाबताच जवळच्या टीव्हीचे नाव दिसते, आणि बालभारतीची आधी उतरवून ठेवलेली पुस्तके रेंज नसतानाही वर्गाला दाखवता येतात.

एचडीएमआय वायरनेही हे होते, हे मान्य; पण आखूड वायरमुळे शिक्षक टीव्हीच्या कोपऱ्यात अडकून पडतो आणि रोजच्या काढ-घालीने पोर्ट सैल झाले की चित्र मध्येच जाते. वायर नसेल तर लॅपटॉप शेवटच्या रांगेपर्यंत नेता येतो आणि तिथे बसलेल्या मुलीने सोडवलेले गणित सगळ्या वर्गाला दिसते.

एक काळजी मात्र घ्यावी. पूर्ण स्क्रीन दाखवली तर खासगी व्हॉट्सॲप संदेशही मुलांसमोर झळकू शकतो. त्याऐवजी विंडोजची कळ आणि ‘पी’ दाबून ‘एक्स्टेंड’ (टीव्हीला लॅपटॉपची वेगळी, दुसरी स्क्रीन करणारा पर्याय) निवडावे व फक्त पाठाची विंडो टीव्हीकडे सरकवावी. गुणपत्रके, हजेरी लॅपटॉपवरच राहतात. शिक्षक प्रशिक्षणात हे सहज शिकवता येईल.

माझी विनंती एवढीच, की शिक्षण विभागाने आणि शाळा व्यवस्थापन समित्यांनी खरेदीच्या अटींत मिराकास्टचा स्पष्ट उल्लेख करावा आणि बिल मंजूर करण्यापूर्वी शाळेचाच लॅपटॉप वापरून, इंटरनेट बंद ठेवून पुरवठादाराकडून प्रात्यक्षिक करून घ्यावे. ज्या जुन्या टीव्हींत ही सोय नाही, त्यांच्या एचडीएमआय पोर्टला मिराकास्टचे डोंगल (पोर्टला जोडायचे छोटे उपकरण) लावता येते; त्यासाठी नवा टीव्ही घेण्याची गरज नाही.

आपला,
एक प्राथमिक शिक्षक,
ता. जिंतूर, जि. परभणी