बिल्ल्याचं तेवढं विचार

घरून, दत्तजयंती
४ डिसेंबर २०२५

चि. सुनीलला आबांचे अनेक आशीर्वाद.

रविवारी मी बोलता बोलता फोन ठेवला. तेव्हापासून तुझी आई माझ्याशी कामापुरतंच बोलते. आज देवळात पाळणा झाला, सुंठवडा घेऊन घरी आलो आणि वही पुढ्यात ओढली. फोनवर माझा आवाज चढतो. कागदावर तरी नीट बोलेन.

आधी एक सांगून टाकतो. फौजेतून सुटल्यावर जानेवारीपासून तू ज्या एक्स-रे सेंटरला लागणार म्हणतोस, तिथे मी गुडघ्याचं निमित्त काढून जाऊन आलो. तुला न विचारता गेलो, ते चुकलं. पण गेलो आणि डोळ्यांनी पाहिलं. मशीनवरचा पोरगा बावीस-तेवीसचा असेल, बोलायला गोड. खिशाला पेन होतं, मोबाइल होता, अंगावर आलेले किरण मोजायचा बिल्ला नव्हता. शिशाचा एप्रन चार घड्या करून स्टुलावर टाकलेला, बसून बसून मधोमध खोलगट झालेला. दार उघडंच, आणि दारात माझ्यानंतरची बाई कडेवर लेकरू घेऊन उभी. मी म्हटलं, दार लाव की बाळा. तर म्हणाला, "काका, गुडघ्याचाच तर काढायचाय." आणि दाबलं बटण.

हे सगळं मी तुला रविवारी शांतपणे सांगायला हवं होतं. त्याऐवजी "असल्या ठिकाणी मरायला चाललास का" असं बोलून बसलो. ते शब्द मागे घेतो.

एप्रनची घडी घालायची नाही, आतलं शिसं तडकतं, तो टांगूनच ठेवायचा, हे मला तूच शिकवलंस. २०१६ साली तुझं पोस्टिंग पुण्याला होतं आणि माझा खोकला हटत नव्हता, तेव्हा तू मला एमएचला, फौजेच्या हॉस्पिटलला, नेलंस. शर्ट काढून मी त्या गार पाटीला छाती लावून उभा राहिलो. तू मागून माझे खांदे पुढे दाबलेस, हनुवटी वर केलीस आणि आडोशाला गेलास. मग आवाज आला, "श्वास घ्या. रोखा." आवाज तुझाच, पण घरात कधी ऐकला नव्हता असा. जन्मात मी कुणाचं इतकं मुकाट्यानं ऐकलं नसेल. "सोडा" म्हणालास तेव्हा माझे डोळे भरले होते. तुला वाटलं, मला धाप लागली.

त्याच दिवशी कँटीनला चहा पिताना तू बिल्ला काढून हातात दिलास. आत तीन चकत्या असतात, तीन महिन्यांनी बिल्ला तपासायला जातो, तिथे चकत्या तापवल्या की अंगावर जेवढे किरण आले तेवढ्या त्या उजळतात. भाभा अणुसंशोधन केंद्राची ही पद्धत आहे, हेही तूच सांगितलंस. पाच वर्षांची सरासरी काढली तर वर्षाला किरणांचा डोस २० मिलिसिव्हर्टच्या वर जाऊ द्यायचा नाही, आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. "आबा, मी त्याच्या आसपासही नाही," म्हणालास. त्या रात्री मी शांत झोपलो. पण तू ते सांगू शकलास ते बिल्ला होता म्हणून. ज्या पोराकडे बिल्लाच नाही त्याचं कोण सांगणार? त्याचं त्यालाही कळायचं नाही.

मी असा का घाबरतो ते तुला ठाऊक आहे. वर्कशॉपात आम्ही ब्रेक उघडले की लाइनरची धूळ हवेच्या पाइपानं उडवायचो. तोंडाला रुमालसुद्धा नाही. त्या वेळच्या लाइनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं हे रिटायर झाल्यावर समजलं. बापूकाकांच्या शेवटच्या वर्षाचं मी काही लिहीत नाही, तू सुट्टीवर होतास, पाहिलंयस. लागतं तेव्हा दुखत नाही, दिसत नाही, वास येत नाही. अशा गोष्टीची मला धास्ती आहे. गोळीची तेवढी कधी वाटली नाही, आणि तू चोवीस वर्षं फौजेत आहेस.

लेहच्या १५३ जनरल हॉस्पिटलला होतास तेव्हा आई रोज थंडीचं विचारायची आणि मी बिल्ल्याचं. तुला आठवत असेल. वर चौकीवरून पोरं खाली आणतात, उंचीमुळे फुफ्फुसात पाणी भरलेलं असतं, फिल्मवर कापसाचे पुंजके दिसावेत तसं दिसतं, म्हणायचास. तुझ्या फिल्मवरून डॉक्टरसाहेब ठरवायचे. किती जणांच्या आयांना तुझं नावसुद्धा माहीत नसेल. मी गावात सांगतो, आमच्या सुनीलनं बंदूक कमी चालवली, पण पोरं पुष्कळ घरी पाठवली. ऐकणारे दोनदा ऐकतात, मी तिसऱ्यांदा सांगतो.

आणि या सगळ्याचं मूळ आपलं जांभळीचं झाड. १९९१, तू नऊ वर्षांचा. जांभळीची फांदी दगा देते हे शंभरदा सांगूनही शेंड्याला गेलास. कोपर सुजून टम्म. सिव्हिलला फिल्म ओली होती, वाळेपर्यंत थांबा म्हणाले. तू रडायचं सोडून अंधाऱ्या खोलीच्या दाराशी जाऊन उभा. परतीच्या एसटीत प्लॅस्टर गळ्यात, आणि दुसऱ्या हातानं फिल्म खिडकीच्या उजेडाला धरून कंडक्टरला दाखवतोयस, "हे माझं हाड, इथं मोडलंय." ती फिल्म अजून ट्रंकेत आहे, रेशन कार्डाखाली. भंगारवाला दर वर्षी जुन्या फिल्म मागतो, त्यातून चांदी निघते म्हणून. मी ती दिली नाही.

कुठून कुठे गेलो. मुद्द्याचं लिहितो.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात दोनदा जाऊन आलो. पंधरा वर्षं नोकरी झालेल्या मॅट्रिक पास सैनिकाला गट 'क' च्या केंद्राच्या जागांसाठी पदवीधर धरतात, पण जिथे त्या कामाचं तांत्रिक शिक्षण सक्तीचं असतं तिथे ही सवलत चालत नाही. म्हणजे नेमकं तुझ्याच कामात अडतं. एवढी वर्षं मशीनवर हात बसलाय, पण बाहेर आधी कागद विचारतात. म्हणून फौजेच्या लखनौच्या ट्रेनिंग सेंटरचं सर्टिफिकेट, कोर्स किती महिन्यांचा, विषय कोणते, कुठल्या मशीनवर किती वर्षं काम केलं, हे सगळं युनिटमधून सहीशिक्क्यानिशी आत्ताच घे. डिस्चार्ज बुकात नुसतं "रेडिओग्राफर" लिहिलेलं पुरणार नाही. एकदा गेट ओलांडलं की एका शिक्क्यासाठी सहा-सहा महिने पत्रं लिहावी लागतात, शेजारच्या सुभेदारांचं पाहतोय ना.

सरकारी दवाखान्यात क्ष-किरण वैज्ञानिक अधिकाऱ्याची जाहिरात निघते, राज्याच्या भरतीत माजी सैनिकांना १५ टक्के आरक्षण आहे. साताऱ्यात ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, पॉलिक्लिनिक आहे, तिथे रेडिओग्राफरची जागा कंत्राटी असते, पण आपल्या माणसांना आधी विचारतात. पगार त्या सेंटरपेक्षा कमी-जास्त होईल. पेन्शन आहे. घाई कशाला? आकांक्षाच्या बारावीचा खर्च म्हणशील, तर वरच्या शेताचा ऊस यंदा माझ्याकडून धर. वय त्रेचाळीस म्हणजे संपलं नाही. अणुऊर्जा नियामक मंडळाची परीक्षा देऊन किरण-सुरक्षेचा अधिकारी हो. मग अशा सेंटरवाल्यांना बिल्ला का नाही हे विचारायचा तुला हक्क राहील. आणि फौजेत तू "साहेब, एप्रन खराब झालाय" म्हटलंस की नवा यायचा. इथे मालक म्हणेल, चाळीस पेशंट बाहेर बसलेत, चालवून घे. तू चालवून घेणारा नाहीस, हेही मला माहीत आहे, आणि म्हणूनच महिनाभरात तुझं तिथे वाजेल. शिस्तीत राहिलेल्या माणसाला बाहेरची ढिलाई जाळते. मागे मी तुला म्हटलं होतं की

हे बघ, पुन्हा सुरू झालो. माफ कर. तुझी आई हे वाचेल तर म्हणेल, पोराला पत्र लिहिताय की नोटीस. तुला माझ्यापेक्षा शंभर पटीनं कळतं. तूच म्हणालास, "आबा, मी आत गेलो तरच तिथलं सुधारेल." यावर मी फोन ठेवला, कारण माझ्याकडे उत्तर नव्हतं. चार दिवस विचार करतोय. त्या बाईच्या कडेवरचं लेकरू डोळ्यांसमोरून जात नाही. तू त्या खोलीत असतास तर दार लागलं असतं, एवढं नक्की.

तेव्हा जायचं तर जा. मी आडवा येत नाही. फक्त रुजू होण्याआधी मालकासमोर बसून विचार: मशीनचं मंडळाचं लायसन्स कुठे आहे, आणि माझ्या नावाचा बिल्ला कधी येणार. बिल्ला येईपर्यंत बटणाला हात लावू नकोस. त्या गोड पोरासाठीही एक मागून घे.

सुनबाईला आणि आकांक्षाला आशीर्वाद. ज्वारी फुलोऱ्यात आहे, तुम्ही याल तोवर हुरडा धरेल. काळी पेटी ट्रकनं पाठवणार म्हणालास, पाठव, मी उतरवून घेईन. तेवढा तुझ्या सगळ्या वर्षांच्या डोसचा कागद पेटीत टाकू नकोस. नव्या जागी मागचा हिशोब तिथूनच पुढे धरतात ना? हातातल्या पिशवीत ठेव.

तुझा,
आबा