आकाशातलं नंतर, आधी कपाट उघडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उपग्रहावरून इंटरनेट देण्यासाठी राज्य सरकारने स्टारलिंक कंपनीबरोबर इरादापत्रावर सही केल्याची आपली कालची बातमी वाचली. त्यातले दुर्गम म्हणून निवडलेले जिल्हे: गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि आमचं धाराशिव. अभिनंदन! धाराशिव दुर्गम कधीपासून झालं, एवढंच कळलं नाही. तालुक्याहून आमच्या गावाला मोटारसायकलवर अर्धा तास लागतो आणि रस्ता डांबरी आहे. निदान एकेकाळी होता.

शिवाय आमच्याकडे इंटरनेट आहेच की. ग्रामपंचायतीत लोखंडी कपाट आहे आणि त्यात केबलवरून इंटरनेट आणणारा सरकारी पांढरा डबा आहे. बसवला तेव्हा नारळ फुटला, पेढे वाटले, फोटोही निघाला. आणि काही महिने ते चाललं, हेही प्रामाणिकपणे सांगतो. संगणकावर बसणारा पोरगा भराभर सातबारे काढून देत होता. पुढे पाण्याच्या योजनेची चारी खणताना जेसीबीने केबल उचकटली. खणणारा म्हणाला, खाली वायर आहे हे मला कुणी सांगितलं? केबलवाले म्हणाले, ज्याने तोडली त्याच्याकडून भरून घ्या. त्या भांडणात आमची केबल रस्त्याकडेला डोकं वर काढून बसली आणि पुढे शेळ्यांनी ती खाल्ली की काय, कुणास ठाऊक.

यंदा सोयाबीनच्या ई-पीक पाहणीला (म्हणजे मोबाइलवरून सातबाऱ्यावर पीक नोंदवायला) मी बांधावर उभा राहून रीतसर फोटो काढला. फोटो निघतो, पण पुढे जात नाही. ते गोल चाक फिरत राहतं. टेकाडावर गेलो, देवळाच्या गच्चीवर चढलो. शेवटी म्हटलं, ग्रामपंचायतीत सरकारी वायफाय आहे, तिथे जाऊ. कपाटाला कुलूप. किल्ली ग्रामसेवकांकडे. (त्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं असतं. हुद्दा वाढला, पण गावं पूर्वीइतकीच सांभाळायची.) ते दुसऱ्या गावच्या सभेत. भले गृहस्थ, संध्याकाळी येऊन त्यांनी कपाट उघडलं. डब्यावर एकही दिवा नाही. बॅटरीची जागा रिकामी. ती कुणाच्या घरातले पंखे फिरवते, हे अख्ख्या गावाला माहीत आहे. मी लिहिणार नाही, मला गावात राहायचं आहे.

मुदत संपली. सातबाऱ्यावर पिकाची नोंद नाही, म्हणून हमीभाव केंद्रावर माझी नोंदणी नाही. २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल होता. व्यापाऱ्याने मला काय दिला, ते लिहायची लाज वाटते.

आता मोठमोठे आकडे तुम्हीच छापता. ग्रामपंचायतींना केबलने इंटरनेट देण्याची ही केंद्राची योजना २०११ साली मंजूर झाली, तेव्हा सगळं दोन-तीन वर्षांत होणार होतं. २०१५ मध्ये तिचं 'भारतनेट' झालं. २०२० च्या स्वातंत्र्यदिनी लाल किल्ल्यावरून सहा लाखांवर गावांना हजार दिवसांत फायबर देण्याचा शब्द दिला गेला. ते हजार दिवस मे २०२३ मध्ये भरले आणि ऑगस्टमध्ये मंत्रिमंडळाने सुधारित भारतनेटला १ लाख ३९ हजार कोटी मंजूर केले. त्यात म्हणे केबल आता वर्तुळाकार टाकणार, म्हणजे एका बाजूने तुटली तरी दुसऱ्या बाजूने चालू राहील. एकेरी वायर तुटली की पुढची सगळी गावं बंद पडतात, हे समजायला बारा वर्षं लागली. आमच्या वायरमनला विचारलं असतं तर चहाच्या कपावर सांगितलं असतं. देखभालीसाठीही पैसे ठेवलेत म्हणतात. मग तुटलेली केबल जोडायला माणूस कोण, त्याचा फोन नंबर काय, हे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर का लिहीत नाहीत? तिथे अजून गेल्या साली झालेल्या ग्रामसभेची सूचना आहे.

उपग्रहाच्या तबकडीलाही वीज लागेल. तीही त्याच कार्यालयाच्या गच्चीवर बसेल आणि तिचं यंत्र त्याच कपाटात ठेवतील. किल्ली कुणाकडे राहील?

आपल्या बातमीत मंत्र्यांचं म्हणणं आहे, कंपनीचं आहे. या चार जिल्ह्यांतल्या एकाही गावकऱ्याचं नाही. तालुक्याच्या वार्ताहराला कपाटं उघडून बघायला पाठवता आलं असतं. पण बातमीखाली नेत्यांच्या वाढदिवसाची अर्ध्या पानाची जाहिरात होती, त्यामुळे जागेची अडचण आम्ही समजू शकतो.

कळावे,
एक शेतकरी वाचक, जि. धाराशिव
(नाव छापू नये.)

ता. क. : रविवारची पुरवणी दिवाळीपासून आमच्याकडे आलेली नाही. विक्रेता म्हणतो वरूनच येत नाही. पैसे मात्र पूर्ण घेतो.