ताई, तुम्ही आधी फॉर्म भरलात

ताई,

त्या दिवशी काम झाल्याबरोबर तुम्ही उठून गेलात, नीट आभारही मानता आले नाहीत. म्हणून हे चारचौघांत.

आमच्या लांबलचक फॉर्ममधून माणूस मध्येच बाहेर पडला की लिहिलेलं सगळं जायचं. पान सोडताना इशारा द्यायचा आणि मसुदा सेव्ह करायचा, एवढंच काम. तुमच्याआधी ज्यांना विचारलं त्यांनी कोड न बघताच निदान केलं. एकाने 'ब्राउझरचा बग' म्हणून हात झटकले. दुसऱ्याने इशाऱ्यात आपल्याला हवं ते वाक्य दाखवणारा कोड पाठवला, तोही मोठ्या ठसक्यात. क्रोमने ती सोय 2016 मध्येच काढून टाकलीये! तिसरे म्हणाले, मोबाइलवाल्यांचा नाद सोडा. आमच्याकडे येतात ते बहुतेक मोबाइलवालेच.

तुम्ही कोड मागितलाच नाहीत. आधी स्वतःच्या फोनवर अख्खा फॉर्म भरलात. 'टेस्ट टेस्ट' नव्हे, खरीखुरी वाक्यं, विचार करकरून. मग दुसऱ्या ॲपमध्ये गेलात आणि तिथूनच ब्राउझर सरकवून बंद केलात. पुन्हा उघडलात तर पान कोरं. "अगं बाई, माझं सगळं गेलं की!" तुम्ही खरंच वैतागला होतात, आणि मला मात्र हायसं वाटलं. तोवर सगळ्यांच्या लेखी ती नुसती तक्रार होती.

पुढचं तुम्ही बोलता बोलता सोडवलंत. पान सोडताना चालणारं फंक्शन (कोडचा तुकडा) बसवायची ऑनबीफोरअनलोड ही जागा एकच; मागून लोड होणारी दुसरी स्क्रिप्ट तिथे आपलं फंक्शन बसवून आमचं उडवत होती. एकाच वेळी अनेक फंक्शनं जोडू देणारं ॲडइव्हेंटलिसनर वापरल्यावर दोन्ही सुखाने नांदली. फोनवर अनलोडची, म्हणजे पान बंद होतंय या ब्राउझरच्या निरोपाची, वाट बघण्यात अर्थ नाही, ॲप असं बंद केलं तर तो येईलच असं नाही. पान नजरेआड होताच व्हिजिबिलिटीचेंज हा निरोप येतो, तेव्हाच सेंडबीकनने (पान बंद होत असतानाही सर्व्हरकडे माहिती पाठवणाऱ्या सोयीने) मसुदा रवाना करायचा.

इशारा प्रत्येकाला दाखवा, असा वरून आग्रह होता. तेवढीच माणसं थांबतील म्हणे. तुम्ही म्हणालात, "सेव्ह झालंय ना? मग जाऊ दे की त्याला." आणि सेव्ह होताच इशारा देणारं ते फंक्शन, म्हणजे हँडलर, काढून टाकायची ओळ लिहिलीत. जाणाऱ्याची वाट अडवू नये इतका साधा शिष्टाचार हल्ली किती पानांना उरलाय!

मनापासून आभार, ताई. 'ब्राउझरचा बग' म्हणणाऱ्यांना दुरुस्त केलेला कोड पाठवलाय. अजून उत्तर नाही.