कव्हरस्लिपची जाडी बघा

मा. संपादक,
लेसरच्या झोताने सूक्ष्म कण पकडून ठेवणाऱ्या लेसर-चिमट्यासाठी आर्थर ॲश्किन यांना २०१८ साली नोबेल मिळाले, हे आमची मुले पाठ म्हणतात. पण तो चिमटा पाण्यात खोल नेला की ढिला का पडतो? भिंगाला लावलेल्या तेलाचा अन् काचेचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो त्याचे माप) १.५च्या आसपास, पाण्याचा १.३३, कडेचे अन् मधले किरण मग एका बिंदूत जमतच नाहीत.

कव्हरस्लिपची, म्हणजे थेंबावर ठेवायच्या पातळ काचेची, जाडी चुकली की आमच्या साध्या सूक्ष्मदर्शकातही हाच दोष शिरतो. विहिरीच्या पाण्याचा थेंब धुरकट दिसला की पोरं बिचारी भिंग पुसत बसतात. ४० पटीच्या भिंगावर ०.१७ कोरलेले असते, म्हणजे कव्हरस्लिप तेवढे मिलिमीटर जाड हवी. खरेदीत येते ती मिळेल त्या जाडीची. महाविद्यालयांनी मागणीपत्रात जाडी लिहावी, ही कळकळीची विनंती.

– एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक, परभणी